दुपारच्या मालिका, त्यांतले चेहरे आणि माळ्यावरच्या कॅसेटी: कोकणातल्या प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही चार जुने प्रेक्षक जमले की दोन गोष्टी हमखास निघतात: "अहो, त्या मालिकेत ती होती ना, ती कोण?" आणि "आमच्याकडे रेकॉर्ड केलेली कॅसेट आहे, पण चालत नाही." खालचे प्रश्न या दोन गोष्टींभोवतीच फिरतात.

दुपारच्या मालिका म्हणजे नेमक्या कोणत्या?

दूरदर्शनचं दुपारचं प्रक्षेपण १९८९ साली सुरू झालं. त्याआधीची 'हम लोग' (१९८४-८५) ही भारतातली पहिली मोठी कौटुंबिक मालिका मानली जाते, पण ती दुपारची नव्हे. दुपारच्या रोजच्या मालिकांचं खरं पर्व 'शांती' (१९९४) आणि 'स्वाभिमान' (१९९५) यांनी सुरू केलं. मराठीत त्या जागी 'दामिनी' आली. दूरदर्शनवरची ती पहिली मराठी दैनंदिन मालिका.

'आभाळमाया', 'वादळवाट', 'चार दिवस सासूचे' या मुळात संध्याकाळनंतरच्या मालिका. पण खासगी वाहिन्या रात्रीचा भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवायच्या. रात्री वीज गेली की कोकणात पुष्कळ घरांत तोच भाग दुपारी, जेवणं उरकून मागचं आवरल्यावर पाहिला जायचा. "ती दुपारीच लागायची" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ते चूक धरू नका, फक्त ते पुनःप्रक्षेपण होतं का एवढं विचारा.

पत्रकार असलेली नायिका आठवते. ती 'शांती' की 'दामिनी'?

दोघीही पत्रकार, म्हणून हा गोंधळ सर्वांत जास्त होतो. हिंदी बोलणारी, दोन बड्या चित्रपट-निर्मात्यांचं चरित्र लिहायला त्यांच्या हवेलीत शिरणारी ती शांती, म्हणजे मंदिरा बेदी. त्याच मालिकेत यतीन कार्येकर होते, त्यामुळे काही जणांना ती मराठी मालिकाच वाटते. दामिनी म्हणजे प्रतीक्षा लोणकर.

इंटरनेटवर नुसतं 'दामिनी' टाकलं तर १९९३ चा मीनाक्षी शेषाद्रीचा हिंदी चित्रपट समोर येतो. 'दामिनी मराठी मालिका प्रतीक्षा लोणकर' असं पूर्ण टाकावं. 'शांती'चंही तेच. सोबत 'मंदिरा बेदी दूरदर्शन' जोडलं नाही तर शांतिपाठ आणि शांतिमंत्र यांच्याच याद्या मिळतील.

'स्वाभिमान'मध्ये मनोज बाजपेयी खरंच होते का?

होते. लोकांना ते आठवत नाहीत याचं कारण 'सत्या' (१९९८) अजून यायचा होता, आणि त्या नावाकडे पाहायची सवय लागली नव्हती. त्यांनी सुनील केला. आशुतोष राणा त्यागी होते, रोहित रॉय रिषभ मल्होत्रा आणि किटू गिडवानी स्वेतलाना. दिग्दर्शनाला महेश भट्ट, लेखनात शोभा डे. एवढी नावं एका दुपारच्या मालिकेत गोळा झाली होती, हे तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. मोठ्या पडद्याकडे निघालेले कलाकार आधी कुठे होते हे शोधायचं असेल तर या मालिकेची नामावली आधी वाचावी.

एकाच भूमिकेत दोन वेगळे चेहरे आठवतात. आमची आठवण चुकते का?

बहुतेक वेळा नाही. रोजच्या मालिकेत नट बदलणं हे कामाच्या पद्धतीतूनच येतं. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून साधारण बावीस मिनिटांचं चित्रण लागतं, आणि ते आठवड्याचे पाच-सहा दिवस. प्रक्षेपणाच्या पुढे काही भाग तयार ठेवतात, त्याला तिथली माणसं 'बँक' म्हणतात. बँक संपत आली आणि नट आजारी पडला, चित्रपटाला गेला किंवा मानधनावरून बिनसलं, की कथा थांबवता येत नाही. मग तीन वाटा उरतात: पात्र परगावी पाठवणं, मारणं किंवा दुसरा नट आणणं. काही वर्षं एकदम पुढे नेणारी 'लीप' घेतली की तिसरी वाट सोपी होते, कारण चेहरा बदलल्याचं निमित्त मिळतं.

खात्रीची उदाहरणं घ्या. 'क्योंकि सास भी कभी बहू थी'मध्ये मिहीर आधी अमर उपाध्याय, मग इंदर कुमार, मग रोनित रॉय. तुळशी म्हणजे स्मृती इराणी, पण मधल्या काळात गौतमी कपूर. 'रात्रीस खेळ चाले'ची शेवंता दुसऱ्या पर्वात अपूर्वा नेमळेकर, आणि तिसऱ्या पर्वात मध्येच तिच्या जागी कृतिका तुळसकर.

वाद मिटवायचा असेल तर 'कोण चांगलं होतं' हे बाजूला ठेवून 'कोणत्या प्रसंगात कोण होतं' असं विचारा. लग्न, अपघात, कोर्टाचा खटला, बारसं अशा ठळक प्रसंगाशी चेहरा जोडला की क्रम आपोआप लागतो.

केबलवर इंग्रजी मालिका लागायच्या, त्यांत कोण होतं?

१९९० च्या दशकात स्टार प्लस ही मुख्यतः इंग्रजी वाहिनी होती. शहरात केबल पोचली तशी रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडीतही 'सांता बार्बरा' आणि 'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' दिसू लागल्या. या अमेरिकेतल्या खऱ्या दुपारच्या मालिका. अशा मालिकांचं 'सोप' (म्हणजे साबण) हे नाव तिथलंच: १९३० च्या दशकात रेडिओवरच्या अशा मालिकांना साबण बनवणाऱ्या कंपन्या पैसे पुरवत. 'गाइडिंग लाइट' १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ मध्ये संपली.

'द बोल्ड अँड द ब्यूटिफुल' मार्च १९८७ पासून चालू आहे. लॉस एंजेलिसमधल्या फॉरेस्टर घराण्याचा कपड्यांचा धंदा, आणि त्यात सगळ्यांची सगळ्यांशी लग्नं. एरिक म्हणजे जॉन मॅक्कूक आणि ब्रूक म्हणजे कॅथरिन केली लँग, दोघंही पहिल्या वर्षापासून. स्टेफनी होती सुझन फ्लॅनरी. रिज मात्र मुख्यतः दोन: २०१२ पर्यंत रॉन मॉस, २०१३ पासून थॉर्स्टन के. केबलवर पाहिलेला, रुंद जबड्याचा तो रॉन मॉस.

'सांता बार्बरा' (१९८४ ते १९९३) अधिक गोंधळाची. ईडन म्हणजे मार्सी वॉकर, क्रूझ म्हणजे ए मार्टिनेझ, हे पक्कं. पण घरातला कर्ता सी. सी. कॅपवेल पहिल्या दोन-अडीच वर्षांतच हातोहात बदलत गेला: पीटर मार्क रिचमन, पॉल बर्क, चार्ल्स बेटमन आणि शेवटी जेड अ‍ॅलन. केली कॅपवेल करणारी रॉबिन राइट पुढे चित्रपटांत नावाजली. आपल्याकडे भाग अमेरिकेपेक्षा बरेच उशिरा लागत, म्हणून तिथली तारीख आपल्या आठवणीला लावू नका.

कॅसेटवर तारीख नाही. वर्ष कसं ठरवायचं?

कोपऱ्यातला लोगो पाहा. कथेपेक्षा तो खरं बोलतो.

'डीडी १०' दिसलं तर ते २००० च्या आधीचं, नंतर त्याच वाहिनीचं नाव सह्याद्री झालं. डीडी मेट्रो असेल तर २००३ च्या आधीचं, त्या साली ती वाहिनी बंद होऊन तिच्या जागी डीडी न्यूज आलं. अल्फा मराठी असेल तर १९९९ ते २००५ मधलं, त्यानंतर झी मराठी. ई टीव्ही मराठी २००० मध्ये आली आणि २०१५ मध्ये कलर्स मराठी झाली. स्टार प्रवाह असेल तर नोव्हेंबर २००८ नंतरचं.

लोगोने दशक कळतं, नेमका महिना जाहिराती सांगतात. दिवाळीची सवलत, नव्या चित्रपटाची जाहिरात, निवडणुकीचं आवाहन, साबणाच्या वडीवरची किंमत. म्हणून डिजिटल करताना जाहिराती कापू नका. मालिकेचा तोच भाग दुसऱ्या कुणाकडे सापडू शकतो, त्या दिवशीचा जाहिरातींचा क्रम मात्र त्याच कॅसेटवर असतो.

कलाकाराचं नाव पक्कं कशावरून धरायचं?

शेवटची नामावली. ती वेगाने वर सरकते, म्हणून चित्र थांबवून एकेक पान फोटोत घ्या. व्हीसीआरवर, म्हणजे कॅसेट चालवायच्या यंत्रावर, चित्र थांबवलं की आडव्या रेघा येतात. आधी संगणकावर घ्यावं आणि मग थांबवावं. नामावलीत पात्राचं नाव नसतं, फक्त कलाकारांची यादी असते, त्यामुळे 'या मालिकेत होते' हे सिद्ध होतं, 'ही भूमिका केली' हे नाही. पाहुणे कलाकार पुष्कळदा फक्त त्याच दिवसाच्या नामावलीत असतात.

टिपण करताना पाच गोष्टी लिहा: मालिका, वाहिनी, पात्र, कलाकार, आणि हे कशावरून. शेवटच्या रकान्यात 'नामावली', 'वर्तमानपत्राचं कात्रण' किंवा 'आठवण' यांपैकी एकच शब्द. आठवणीवरून लिहिलेलं नाव दुसऱ्याने उचललं की ते सहा महिन्यांत 'माहिती' होऊन परत आपल्याकडेच येतं.

शीर्षकगीतांचं काय?

'आभाळमाया' आणि 'वादळवाट' दोन्हींची शीर्षकगीतं मंगेश कुळकर्णी यांची, संगीत अशोक पत्की, आवाज देवकी पंडित. शब्द आठवत नसतील तर 'वादळवाट'चं ते समुद्र-शंख-शिंपल्यांचं, एवढी खूण किनाऱ्यावरच्या माणसाला पुरते. मालिकांतल्या मुख्य भूमिका: 'आभाळमाया'त सुधा जोशी म्हणजे सुकन्या कुलकर्णी आणि शरद जोशी म्हणजे मनोज जोशी, 'वादळवाट'ची रमा म्हणजे अदिती सारंगधर.

आमच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्या मुंग्याच आहेत. त्या काढता येतील का?

नाही. मुंग्या म्हणजे अँटेनापर्यंत पोचलेला कमकुवत सिग्नल, आणि तो तसाच कॅसेटवर उतरला. गाव डोंगराच्या आड असलं की लघुशक्ती प्रक्षेपकाचा सिग्नल आधीच थोडा यायचा. त्यात खाऱ्या वाऱ्याने अँटेनाच्या जोडणीवरचे तांब्या-अ‍ॅल्युमिनियमचे सांधे हिरवे-पांढरे व्हायचे आणि उरलेला सिग्नल तिथेच अडायचा. चेहऱ्याशेजारी दुसरा फिका चेहरा दिसतो ते वेगळं: तो डोंगरावर आपटून उशिरा आलेला तोच सिग्नल.

उन्हाळ्यात मध्येच कुठलं तरी परकं केंद्र घुसल्याचंही काही कॅसेटींवर दिसतं. समुद्रावर गरम हवेचा थर बसला की लांबची लहर त्याखालून वाकून येते. हे बिघाड नव्हेत, ठेवण्यासारखे पुरावे आहेत. 'चित्र चकचकीत करून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, तो मुंग्यांबरोबर नाकडोळेही पुसून टाकतो.

माळ्यावर कॅसेटी सापडल्या. लगेच लावून पाहू का?

नको. हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा नकार. पावसाळ्यात कोकणात हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांच्या वर असते, आणि कौलांखालचा माळा म्हणजे बुरशीचं माहेर. कॅसेटीच्या खिडकीतून बॅटरीचा उजेड आत टाका. काळी फीत गुळगुळीत, एकसारखी दिसली तर ठीक. गुंडाळीच्या कडेला पांढरट-राखाडी वलय, पीठ सांडल्यासारखे ठिपके किंवा तंतू दिसले तर ती बुरशी. तशी कॅसेट चांगल्या व्हीसीआरमध्ये घातलीत तर हेड (फीत वाचणारा भाग) घाणीने भरतं, फीत चिकटून फाटते आणि पुढची प्रत्येक निरोगी कॅसेट लागण घेऊन बाहेर येते.

बुरशीची कॅसेट वेगळ्या, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत सिलिका जेलसह (ओल शोषणारे खडे) दोन आठवडे ठेवा. वाळली की बुरशी निष्क्रिय होऊन भुकटी बनते. मग अंगणात, तोंडाला मास्क आणि हातात हातमोजे घालून साफ करा, घरात नाही. खालच्या बाजूचे पाच स्क्रू काढले की कॅसेट उघडते. आतल्या स्प्रिंगा आणि रुळांचा आधी फोटो काढा. फीत हाताने हळूहळू फिरवत, धागे न सुटणाऱ्या कोरड्या कापडाने दोन्ही बाजूंनी पुसायची. मग फिरक्या दुसऱ्या, स्वच्छ कॅसेटच्या खोक्यात बसवायच्या. पहिल्यांदा चालवायला पडीक व्हीसीआर ठेवा, जो खराब झाला तरी चालेल.

उन्हात वाळवू नका. पापड-फेण्यांना लागतं ते ऊन कॅसेटला नको, खोकं वाकतं आणि फीत आकसते. तांदळातही पुरू नका, त्याची धूळ आत जाते. डांबरगोळ्या तर डब्यात नकोतच.

गणपतीला चाकरमानी आले की माळे उघडतात आणि कॅसेटी खाली येतात. तो नेमका सर्वांत दमट हंगाम. तेव्हा फक्त यादी करा, पिशव्यांत भरा, आणि लावायचं काम डिसेंबर ते फेब्रुवारीत करा.

संगणकावर घ्यायची रीत काय?

लागतं ते एवढं: चालू व्हीसीआर, पिवळी-पांढरी-लाल पिनांची केबल, यूएसबी कॅप्चर डिव्हाइस, संगणक, आणि यूपीएस. शेवटचं ऐच्छिक नाही. वीज गेली तर फाइल अर्धवट राहते आणि फीत मशीनमध्ये अडकून राहते.

आधी कॅसेटच्या पाठीवरच्या लेबलाच्या कडेची छोटी पट्टी मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. व्हीसीआर दमट खोलीत बराच काळ पडला असेल तर लावण्याआधी दोन तास चालू करून ठेवा, हेड बसवलेल्या फिरत्या ड्रमवरचं दव उडतं. कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे घ्या, वर्षानुवर्षं एका जागी बसलेल्या फितीचा ताण सारखा होतो. व्हीसीआरच्या मेन्यूत निळा पडदा बंद करा, नाहीतर सिग्नल जरा ढळला की चित्राऐवजी निळा पडदाच रेकॉर्ड होईल.

सॉफ्टवेअरमध्ये पॅल (आपल्याकडची टीव्ही-पद्धत), ७२० गुणिले ५७६, सेकंदाला २५ चौकटी. एमपेग-२ मध्ये सेकंदाला ८ मेगाबिट ठेवलंत तर तासाला साधारण ३.६ जीबी, म्हणजे ई-१८० ची (तीन तासांची) पूर्ण कॅसेट ११ जीबीच्या आसपास. एक टेराबाइटच्या डिस्कवर ऐंशीएक कॅसेटी मावतात. चित्राचा आकार ४:३ च ठेवा. रुंद पडदा भरायला ताणलंत की सगळ्या नायिका आडव्या होतात.

घेताना काय बिघडतं?

चित्र पुढे आणि आवाज मागे पडत जाणं ही पहिली तक्रार. फितीतून चौकटी गळतात, संगणक त्या मोजत नाही, आणि तासाभरात ओठ-आवाज फुटतात. उपाय म्हणजे व्हीसीआर आणि कॅप्चर डिव्हाइस यांच्यामध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे फितीवरून येणाऱ्या सिग्नलची वेळ सरळ करणारं उपकरण. तो नसेल तर जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये लावला तरी काही वेळा भागतं. पांढऱ्या तुटक रेघा म्हणजे फितीवरचा थर गेलेला, त्यावर इलाज नाही. तळाशी थरथरणारी पट्टी प्रत्येक व्हीएचएसवर (घरगुती व्हिडिओ कॅसेटवर) असते, टीव्हीच्या चौकटीआड ती पूर्वी दिसत नसे इतकंच.

चित्र अचानक धूसर झालं तर थांबा: हेड भरलंय. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चामड्याचा मऊ तुकडा घ्या, तुकडा स्थिर धरा आणि ड्रम हाताने आडवा फिरवा. वरखाली घासलंत की हेड तुटलं. कान साफ करायच्या कापसाच्या काड्या वापरू नका, त्यांचे धागे हेडात अडकतात.

भाग मध्येच संपत असेल तर कॅसेटचा दोष नाही. टायमर लावून शेतावर गेलेल्यांच्या घरी वीज गेली की व्हीसीआरचं घड्याळ शून्यावर यायचं आणि टायमर पुसला जायचा.

घेतलेले भाग यूट्यूबवर टाकू का?

पूर्ण भाग नको. कॉपीराइट कायदा १९५७ नुसार चित्रित कृतीचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९९४ च्या भागाचा हक्क २०५४ अखेरपर्यंत आहे. प्रक्षेपणाचा वेगळा हक्क २५ वर्षांचा असतो, तो संपला तरी मूळ मालिकेचा संपत नाही. घरच्यांनी पाहणं वेगळं, सभागृह घेऊन दाखवणं वेगळं: त्याला हक्कधारकाची परवानगी लागते. दूरदर्शनचं जुनं साहित्य प्रसार भारतीच्या यूट्यूब वाहिनीवर आणि २०२४ पासून 'वेव्हज' या त्यांच्या ओटीटीवर येत असतं, आधी तिथे शोधा. तुमच्या कॅसेटवरचा भाग तिथे नसेल तर त्याची नोंद जास्त काळजीने ठेवा.

'रात्रीस खेळ चाले' या यादीत का नाही? ती तर आपल्याकडचीच.

रात्री साडेदहाची मालिका दुपारच्या यादीत बसत नाही, एवढंच. चित्रण आकेरीतलं, तोंडी मालवणी, दुसऱ्या पर्वापासून अण्णा नाईक म्हणजे माधव अभ्यंकर, आणि पांडू करणारे प्रल्हाद कुडतरकर लेखकही. तिच्यावर वेगळं पान करावं लागेल, इतके प्रश्न येतात.

डिजिटल झालं, आता मूळ कॅसेट टाकून द्यायची का?

टाकू नका. उद्या चांगला व्हीसीआर किंवा चांगला करेक्टर मिळाला तर पुन्हा घेता येईल. पूर्ण मागे गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवा, डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेल. रंग बदलला की जेल ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवून परत वापरता येतं. डबा जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून नको, आतल्या खोलीत, टीव्हीच्या मोठ्या स्पीकरपासून लांब. फाइलच्या दोन प्रती करा, आणि त्यांतली एक मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडे ठेवा.